वाटाड्या निवडावा कसा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोटार कामगार युनियनच्या कचेरीत एक ट्रकचालक आला. पगाराची तक्रार नव्हती, निलंबनाचा कागद नव्हता. हातात दोन-तीन जाहिराती होत्या आणि चेहऱ्यावर गोंधळ होता. "अण्णा," तो म्हणाला, "रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायचंय. जीपीएस. पोरगा म्हणतो, फोन पुरे. दुकानदार म्हणतो, सगळ्यांत महागाचं तेच सगळ्यांत चांगलं. आणि मालक म्हणतो, तुला कशाला हवं, गाडीत बसवलंय की आधीच! कोणतं घेऊ ते एकदाचं सांगून टाका."

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. आमचे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही; जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि मोर्च्यांत. त्यामुळे कोणी प्रश्न विचारला, की तोच प्रश्न पूर्वी कोणाकोणाला पडला होता आणि त्यांनी काय केले, हे धुंडाळण्याची आम्हांला खोड जडली आहे. त्या चालकाला आम्ही पंधरा दिवसांनी यायला सांगितले आणि वाचावयास बसलो. वाचता वाचता असे दिसून आले, की वाट दाखविणारे यंत्र निवडण्याचा हा प्रश्न अजिबात नवा नाही. माणूस समुद्रावर गेला तेव्हापासूनचा तो आहे. त्या इतिहासात या चालकाला उपयोगी पडतील असे तीन प्रश्न पुनःपुन्हा येतात. आपली गरज नेमकी कोणती? यंत्र चुकले तर त्याची किंमत कोण मोजणार? आणि आपला ठावठिकाणा आपल्याशिवाय आणखी कोणाला कळणार? सर्वांत अचूक यंत्र कोणते, हा प्रश्न या तिहींच्या मागून येतो.

प्रथम अगदी साध्या यंत्राची गोष्ट सांगतो. अरबी समुद्रावर आणि हिंदी महासागरावर गलबते हाकणारे नाखवे 'कमाल' नावाचे एक साधन वापरीत असत. कमाल म्हणजे लाकडाची एक लहानशी चौकोनी फळी, तिच्या मधोमध ओवलेली दोरी आणि दोरीला मारलेल्या गाठी; बस्स, इतकेच. दोरीची गाठ दातांत धरावयाची, फळी डोळ्यांसमोर ताणून धरावयाची, फळीची खालची कड क्षितिजाला लावावयाची आणि वरची कड ध्रुवताऱ्याला टेकते की नाही ते पाहावयाचे. ध्रुव क्षितिजापासून किती वर आहे यावरून आपण उत्तर-दक्षिण कोठे आहोत ते समजते. ही उंची ते 'इस्बा' या मापाने मोजीत. इस्बा म्हणजे बोट.

आपल्या बंदरातून निघताना नाखवा तेथल्या ध्रुवाची गाठ मारून ठेवी. परतताना ध्रुव त्या गाठीला येईपर्यंत उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जावयाचे, मग वळून सरळ किनारा लागेपर्यंत चालावयाचे. बंदर सापडलेच! हे यंत्र फार अचूक होते काय? मुळीच नाही. तथापि ते नाखव्याच्या गरजेला तंतोतंत बसणारे होते. त्याला जगातील प्रत्येक ठिकाणाचा हिशेब नको होता. त्याला ओळखीच्या बंदरास परत यावयाचे होते. शिवाय फळी बुडाली तर दुसरी करता येई आणि दोरी तुटली तर नवी ओवता येई. दुरुस्तीसाठी कोणाच्या दारात जावे लागत नसे.

कमालेला पूर्व-पश्चिम मात्र सांगता येत नसे. युरोपची जहाजे महासागर ओलांडू लागली तेव्हा ही उणीव माणसांच्या जिवावर बेतू लागली. १७०७ च्या ऑक्टोबरात इंग्रजांचे एक आरमार परत येत असता जागेचा अंदाज चुकून इंग्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या सिली बेटांच्या खडकांवर आदळले. चार जहाजे गेली आणि चौदाशे ते दोन हजार माणसे बुडाली. सेनापती अ‍ॅडमिरल शॉव्हेल हाही त्यांतच गेला. मरणाऱ्यांत त्याच्यासारखा एखादाच सेनापती. बाकी सगळे खलाशी. अंदाज वरच्या मजल्यावर बांधला जातो आणि पाणी प्रथम खालच्या मजल्यावर शिरते, हे आम्हां कामगारांना निराळे सांगावयास नको.

पुढे १७१४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की समुद्रावर रेखांश काढण्याची पद्धत जो देईल त्यास बक्षीस मिळेल. अर्ध्या अंशाच्या आत अचूक असेल तर वीस हजार पौंड, दोनतृतीयांश अंशापर्यंत पंधरा हजार, एका अंशापर्यंत दहा हजार. विषुववृत्तावर अर्धा अंश म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. आज आमचा फोन दहा-वीस मीटर चुकला तर आम्ही त्याला नावे ठेवतो. तेव्हा ५५ किलोमीटरांच्या चुकीला राष्ट्रीय बक्षीस लागले होते!

रेखांशाचे मर्म वेळेत आहे. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले आहेत ते कळले आणि जहाजावर सूर्यावरून स्थानिक वेळ काढली, की दोहोंच्या फरकावरून आपण किती पूर्वेस किंवा पश्चिमेस आलो ते निघते. पण त्यासाठी हेलकाव्यांत, थंडीत, उकाड्यात, दमट हवेत बिनचूक चालणारे घड्याळ हवे. असे घड्याळ होणे नाही, असे भल्याभल्या विद्वानांचे मत होते.

ते करून दाखविले जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने. तो स्वतःही सुतारच होता, घड्याळे बनविण्याचे काम आपल्या आपण शिकलेला. त्याचे पहिले सागरी घड्याळ १७३५ साली तयार झाले. ते सुमारे ३४ किलो वजनाचे एक धूडच होते. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे खपून १७५९ मध्ये त्याने चौथे घड्याळ पुरे केले. ते तेरा सेंटिमीटर व्यासाचे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे दिसे. १७६४ साली त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन बार्बाडोसला गेला, तेव्हा सत्तेचाळीस दिवसांत चूक भरली ती एकोणचाळीस सेकंदांची. बक्षिसाच्या अटीहून तिप्पट चांगले काम!

तरी बक्षीस सरळ मिळाले नाही. मंडळाने घड्याळ खोलून दाखविण्यास सांगितले, त्याचे गुपित मागितले, आणखी घड्याळे करून आण म्हटले. १७६५ मध्ये अर्धी रक्कम दिली. उरलेल्यासाठी म्हाताऱ्याला राजापर्यंत जावे लागले, आणि १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पौंड मंजूर केले तेव्हा तो ऐंशी वर्षांचा झाला होता. तीन वर्षांनी तो वारला. ठरलेला मोबदला मागताना कारागिराच्या वाट्याला येणारी ही पायपीट आमच्या परिचयाची आहे.

असो. आमच्या विषयाला लागू पडणारा भाग याच्या पुढे आहे. हॅरिसनचे घड्याळ सर्वोत्तम होते, मग सर्व जहाजांनी ते घेतले का? नाही. त्याची हुबेहूब नक्कल लार्कम केंडॉल नावाच्या कारागिराने केली, तिला ५०० पौंड पडले. १७७२ ते १७७५ च्या सफरीत कॅप्टन कुकने ती वापरली आणि मनापासून वाखाणली. पण सामान्य व्यापारी जहाजाला ती कोठून परवडावी? त्यांच्यासाठी दुसरा मार्ग होता. हॅरिसनच्या विरोधात असलेला राजज्योतिषी मॅस्केलिन याने १७६७ पासूनचे नाविक पंचांग छापून आणले. चंद्र आणि ठरावीक तारे यांमधील अंतर मोजावयाचे, पंचांगातील कोष्टकाशी ताडून पाहावयाचे आणि गणित करावयाचे. साधन स्वस्त, मात्र मेहनत फार आणि ढगाळ रात्री सर्वच व्यर्थ. कितीतरी वर्षे जहाजांपुढे हीच निवड होती: पैसा खर्चावा की डोके आणि वेळ खर्चावा? दोन्ही मार्ग आपापल्या जागी बरोबर होते. पुढे आर्नॉल्ड आणि अर्नशॉ या घड्याळजींनी रचना सोपी केली, किंमत खाली आणली, तेव्हा कोठे घड्याळ सर्वसाधारण जहाजांवर गेले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८३१ साली 'बीगल' जहाज जगाच्या सफरीला निघाले, त्यावर तरुण डार्विन होता. त्या जहाजावर घड्याळे किती होती? बावीस! एक घड्याळ चुकले तर ते चुकले हे कळणार कसे? त्यासाठी दुसरे हवे. आणि दोहोंत मतभेद झाला तर तिसरे. उत्तम यंत्र असलेल्या माणसानेही एकट्या यंत्रावर विसंबू नये, हे त्या कप्तानाला ठाऊक होते.

आता आकाशातल्या वाटाड्याकडे येऊ. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वाइफेनबाख हे दोघे तरुण त्याची 'बीप-बीप' ऐकत बसले. आगगाडी शिट्टी वाजवीत जवळ येते आणि पुढे निघून जाते, तेव्हा शिट्टीचा स्वर बदलतो. तद्वत उपग्रहाच्या सुरातील बदलावरून त्यांनी त्याची कक्षा काढली. १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ मॅक्क्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: जमिनीवरून उपग्रह सापडतो, तर उपग्रहावरून जमिनीवरचा माणूस का सापडू नये? त्यातून 'ट्रान्झिट' ही व्यवस्था निर्माण झाली आणि १९६४ पासून अमेरिकन नौदल ती वापरू लागले. तिच्यात उपग्रह माथ्यावर येईपर्यंत वाट पाहावी लागे. संथ चालणाऱ्या पाणबुडीला ते चालण्यासारखे होते, विमानाला नव्हते. येथेही पुन्हा गरजेचाच प्रश्न!

सर्वांना चालेल अशी व्यवस्था म्हणून १९७३ मध्ये जीपीएसची आखणी झाली आणि पहिला उपग्रह १९७८ च्या फेब्रुवारीत वर गेला. तिचे काम समजून घेतले तर अर्धी फसवणूक टळते, म्हणून थोडक्यात सांगतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर हे उपग्रह फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. 'मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत' एवढेच ते सतत सांगत असतात. तो संदेश आपल्यापर्यंत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर निघते. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरांची चूक. जागा ठरविण्यास तीन उपग्रह पुरावेत. पण आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ स्वस्तातले, त्याची चूक काढण्यासाठी चौथा लागतो. हॅरिसनचे महागडे घड्याळ आता आकाशात गेले आणि त्याच्या जोरावर खाली साधे घड्याळ भागू लागले, अशी ही योजना आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक अशी, की आपले यंत्र फक्त ऐकते. जागा समजण्यासाठी त्याला मोबाईलचे जाळे लागत नाही. घाटात फोनला रेंज नसली तरी जागा कळते. तेथे अडतो तो नकाशा, कारण तो बहुधा जाळ्यावरून येत असतो. नकाशा घरूनच उतरवून घेतला असेल तर फोन रेंजवाचूनही काम देतो. दुसरी गोष्ट अशी, की यंत्राला आकाश दिसले पाहिजे. ढगांचा अडथळा होत नाही. पण अरुंद दरीत, बोगद्यात, उंच इमारतींच्या दाटीत ते चाचपडते. अशा ठिकाणी अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू आणि आपले नाविक यांपैकी अधिकांचे संदेश घेणारे यंत्र उजवे ठरते, कारण त्याला दिसणारे उपग्रह अधिक.

आपल्या नाविकचे पहिले सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात सोडले गेले. त्यांतील पहिल्याची परदेशी बनावटीची अणुघड्याळे बंद पडली आणि तो उपग्रह वाट दाखविण्याच्या कामाचा राहिला नाही. पुढे २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या उपग्रहात भारतात बनविलेले अणुघड्याळ बसविले. अडीचशे वर्षांनंतरही सारे घोडे घड्याळापाशीच अडते!

आता दुसरा प्रश्न: चुकीची किंमत कोणी मोजली? १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान अलास्काहून सोलला जाताना वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. त्यातील सर्व २६९ माणसे मेली. विमानात वाट दाखविणारी यंत्रे नव्हती असे नाही. त्या काळची उत्तम म्हणावीत अशी तीन यंत्रे होती. आंतरराष्ट्रीय चौकशीत पुढे असा निष्कर्ष निघाला, की स्वयंचलित सुकाणू त्या यंत्रांच्या हुकमाखाली आलेच नव्हते, आणि कित्येक तास हे कोणाच्या लक्षात आले नाही. यंत्र जवळ असणे निराळे आणि आपण यंत्राप्रमाणे चाललो आहोत की नाही हे पाहत राहणे निराळे. ह्या दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या रेगन सरकारने जाहीर केले, की जीपीएस पूर्ण झाल्यावर ते नागरी वापरासाठी सर्वांना खुले राहील.

खुले झाले, पण कोणत्या रूपात? १९९० पासून अमेरिकन लष्कराने नागरी संदेशात मुद्दाम बिघाड मिसळला. लष्कराला बिनचूक जागा आणि आम्हां-तुम्हांला सुमारे शंभर मीटर इकडे-तिकडे. शंभर मीटर म्हणजे हमरस्ता की बाजूची गल्ली, हे कळावयाचे नाही. गंमत अशी, की १९९१ च्या आखाती युद्धात लष्करी यंत्रे कमी पडली, सैनिकांच्या हाती हजारो नागरी यंत्रे द्यावी लागली, तेव्हा तो बिघाड तेवढ्यापुरता काढून टाकला आणि मागाहून पुन्हा सुरू केला. शेवटी १ मे २००० च्या मध्यरात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकमाने तो बंद झाला. त्या एका रात्रीत जगातील सगळी यंत्रे, कोणी स्क्रूसुद्धा न फिरवता, सुमारे दहापट अचूक झाली! ती आधी वाईट नव्हतीच. वरून येणारे पाणी गढूळ होते. यंत्राची गुणवत्ता यंत्राबाहेरच्या सत्तेवर किती अवलंबून असते, याचा याहून चांगला दाखला आम्हांला सापडला नाही.

जागा कळली तरी रस्ता कळतोच असे नाही. आकाश फक्त आकडे सांगते. त्या आकड्यांवर रस्ता आहे की विहीर, हे नकाशाने सांगावयाचे असते. १९८५ साली अमेरिकेत 'एटॅक' नावाचे मोटारीतले यंत्र निघाले, त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. चाके किती फिरली आणि होकायंत्र कोणीकडे वळले यावरून ते हिशेब करी, आणि नकाशा कॅसेटमध्ये साठविलेला असे. एका कॅसेटवर शहराचा थोडाच भाग मावे. १९८९ मध्ये हातात धरण्याचे पहिले व्यापारी जीपीएस यंत्र, मॅगेलन कंपनीचे, विक्रीस आले. त्याची किंमत सुमारे तीन हजार डॉलर होती आणि त्यात रस्त्यांचा नकाशा नव्हता. जागा आणि नकाशा यांची स्वस्तात गाठ पडली ती २००० नंतर, मोटारीच्या काचेवर चिकटणाऱ्या टॉमटॉम व गार्मिनच्या यंत्रांत. २००९ च्या ऑक्टोबरात गूगलने फोनवर बोलता वाटाड्या फुकट दिला, आणि त्या दिवशी त्या दोन्ही कंपन्यांचे शेअर गडगडले.

मग वेगळी यंत्रे संपली काय? तशी ती संपली नाहीत, आणि का संपली नाहीत हे पाहिले म्हणजे निवड कशी करावी ते कळते. शहरात छोटी गाडी चालविणाऱ्यास फोन पुरेसा आहे. रहदारीची ताजी बातमी त्याच्याइतकी दुसरे कोणी देत नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला पावसात भिजणारे, ओल्या हाताने कळ दाबता येईल असे, बाजारात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारे यंत्र हवे. आणि खिशात होकायंत्र व कागदी नकाशा हवाच, कारण बीगलवरच्या बावीस घड्याळांचा धडा डोंगरातही लागू आहे. मोटारसायकलवाल्याने हादऱ्यांचा विचार करावा. मोठ्या इंजिनांच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असे ॲपल कंपनीनेच २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना कळविले होते. कोकणातल्या मच्छीमाराला रस्ते नकोतच. त्याला आपले बंदर, खडक आणि मासळीची जागा खुणावून ठेवता आली, उन्हात पडदा वाचता आला आणि खारे पाणी आत शिरले नाही, म्हणजे झाले. त्याची गरज कमालेच्या नाखव्याचीच आहे; गाठ दोरीऐवजी यंत्रात मारावयाची, एवढाच फरक.

ट्रकचालकाची अडचण मात्र सर्वांहून वेगळी. फोनवरचा नकाशा बहुधा छोट्या गाडीचा विचार करून जवळचा रस्ता दाखवितो. बारा चाकांची गाडी त्या गल्लीत अडकली, तर मागे घेताना घाम चालकाचा निघतो, उशिराचा दंड त्याच्या भत्त्यातून जातो आणि शिव्याही त्यालाच. खास ट्रकसाठी केलेल्या यंत्रात गाडीची उंची, लांबी व वजन भरता येते आणि त्याप्रमाणे वाट निघते. पण ती उंची कोणत्या पुलाशी ताडावयाची, हे नकाशात नोंदलेले असेल तरच! म्हणून आमची सूचना अशी, की विकत घेण्यापूर्वी दुकानातच आपल्या ओळखीचा एखादा रेल्वेखालचा बुटका पूल त्यात शोधावा, आणि गाडीची उंची जास्त भरून, यंत्र त्या पुलाखालून नेते की वळसा घालते ते पाहावे. दुकानदाराच्या दहा वाक्यांपेक्षा ही एक परीक्षा मोलाची आहे. नकाशा नवा करण्यास पुढे पैसे पडतात काय, तेही तेथेच विचारून घ्यावे.

राहिला तिसरा प्रश्न. मालक म्हणाला होता, 'गाडीत बसवलंय की आधीच!' ते कोणते यंत्र? त्याला पडदा नसतो. ते चालकाला काहीही दाखवीत नाही. ते उपग्रहांकडून जागा घेते आणि मोबाईलच्या जाळ्यावरून मालकाच्या कचेरीत पोचविते. दोघांनाही आपण जीपीएस म्हणतो, पण एक वाटाड्या आहे आणि दुसरा पहारेकरी.

पहारेकरी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, रिक्षा वगैरे काही अपवाद सोडून, असे यंत्र आणि संकटाची कळ बसविणे केंद्र सरकारने सक्तीचे केले. रात्री एकट्याने प्रवास करणाऱ्या बाईला ती कळ म्हणजे आधार होय. परंतु नजर ठेवण्यालाही मर्यादा हवी, हे न्यायालयांनीही ओळखले आहे. पोलिसांनी एका माणसाच्या गाडीला असे यंत्र लावून अठ्ठावीस दिवस माग काढला, तेव्हा ही झडतीच होय, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या जानेवारीत एकमताने दिला.

घड्याळ कोणाच्या हाती, हा झगडा मुंबईच्या कामगारांना जुना आहे. १९०६ च्या जानेवारीत देशाची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. म्हणजे भोंगा घड्याळात त्याच आकड्यावर वाजला तरी सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी गिरणीत हजर व्हावे लागणार. काही हजार गिरणी कामगारांनी तेव्हा काम बंद पाडले, दगडफेकही झाली. दगडफेकीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण ते लोक अडाणी म्हणून घड्याळावर चिडले, असे म्हणणाऱ्यांनी त्या ३९ मिनिटांचा हिशेब मांडून पाहावा.

आमच्या अनुभवातली एक हकीकत सांगून पुरे करतो. काही वर्षांपूर्वी एका मालकाने आमच्या एका सभासदाचा पगार कापला. कारण काय, तर गाडी वाटेत चाळीस मिनिटे उभी होती आणि यंत्रात तशी नोंद आहे. तो बिचारा भाकरी खाण्यास थांबला होता. आम्ही म्हटले, ठीक आहे. नोंद खरी मानू, पण मग सगळीच मानू. त्या दिवसाची पूर्ण नोंद मागितली. आधी नकार आला. पत्रे गेली, बैठका झाल्या, शेवटी कागद हाती आला. त्यात चाळीस मिनिटे उभी गाडी होती, हे खरे; त्याच कागदावर त्याच दिवशी चौदा तास धावती गाडीही होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाच्या कामाला आठ तासांची मर्यादा घातली, ती काही उगाच नव्हे. कापलेला पगार परत मिळाला आणि जादा तासांचे पैसेही पदरात पडले. पहारेकऱ्याची वही दोघांनीही वाचावयाची ठरली, की ती अशी उपयोगी पडते.

पंधरा दिवसांनी तो चालक आला. आम्ही त्याला यातले निम्मे-अर्धे सांगितले. बाकीचे आज आपल्यापुढे मांडले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे अण्णा, नवा फोन नको. आहे त्यातच नकाशा उतरवून घेतो, पुलाची परीक्षा त्यावरच करून बघतो. नापास झाला तर ट्रकचं यंत्र, दुकानातच तपासून."

"आणि गाडीतलं?" आम्ही विचारले.

"त्याची नोंद दर महिन्याला मलाही मिळावी, असा अर्ज तेवढा लिहून द्या."

अर्ज आम्ही तेथेच लिहिला. त्याने सही केली. त्या आठवड्यात आणखी अकरा जण तसाच अर्ज घेऊन गेले.